पसंतीक्रमात एकच नाव

विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी पसंतीक्रम भरताना संगणकाच्या पडद्यावर महाविद्यालयांची जी यादी उघडते, ती संपता संपत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, आणि ज्यांची नावे आपण आयुष्यात प्रथमच वाचतो अशी कितीतरी. शहाणी माणसे ही यादी शक्य तितकी लांब भरतात, कारण वरची जागा हुकली तर खालची हाताशी असावी. मी त्या अर्जात एकच नाव भरले : रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज, सातारा. शेजारच्या खुर्चीवर माझा धाकटा चुलतभाऊ बसला होता. तो पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो आणि सुट्टीला आला की घरातल्या सगळ्यांचे ऑनलाइन अर्ज तोच भरून देतो. त्याने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ताई, एवढं एकच? वर पुण्याची दोन-तीन टाक की. तुझ्या मार्कांना मिळतंय तिथं." मी मान हलवली नाही, तेव्हा तो स्वतःशीच समजूत पटल्यासारखा पुढे म्हणाला, "बरोबर आहे म्हणा. घरदार सोडून तू कशी जाणार?" आणि त्याने माऊस माझ्याकडे सरकवला. मी अर्ज निश्चित केला.

त्याचा तो समजूतदारपणाच मला टोचत राहिला.

विवाहित, तिशी ओलांडलेली, शाळकरी मुलाची आई असलेली बाई गावातलेच महाविद्यालय निवडते, तेव्हा ते तिने निवडले असे कोणालाच वाटत नाही. ते तिच्या वाट्याला आले असेच सगळे धरून चालतात. भावाने ते प्रेमाने धरले, एवढाच फरक. त्या वेळी मी त्याला उत्तर दिले नाही, कारण ते एका वाक्याचे नव्हते. प्रवेशाचा अर्जही कारण विचारत नाही. तो गुण, प्रवर्ग आणि क्रमांक विचारतो. परंतु कारण आहे, आणि ते अनेक वर्षे माझ्या मनात साठत आलेले आहे. म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मी जिल्हा न्यायालयाच्या आवाराजवळ टायपिंग आणि झेरॉक्सच्या एका दुकानात काम करते. सकाळी साडेदहापासून रस्त्यावर काळे कोट दिसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग हातात प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेली माणसे येतात. त्या पिशव्या बहुधा कापडदुकानाच्या किंवा मिठाईच्या दुकानाच्या असतात, आणि त्यांत घडीवर झिजून फाटलेला सातबारा, फेरफाराचा उतारा, रेशनकार्डाची प्रत, कधी एखादा आजोबांच्या काळचा मोडीतला कागद असतो, जो घरात कोणालाच वाचता येत नाही आणि तरीही जो टाकून देण्याची कोणाची छाती होत नाही. आषाढात अजिंक्यतारा किल्ला दिवसचे दिवस ढगात बुडालेला असतो, तेव्हा दुकानात ओल्या छत्र्यांचा, झेरॉक्स यंत्राच्या गरम कागदाचा आणि अंगठ्याच्या शाईचा मिळून एक वास तयार होतो. तो वास माझ्या कपड्यांतून घरापर्यंत येतो. जावळीतला माणूस अंगातून पाणी निथळत येतो आणि त्याच सकाळी माणमधून आलेल्या माणसाच्या चपलांवर फुफाटा असतो. आमचा जिल्हा असा आहे की एकाच बाकावर हे दोन ऋतू शेजारी बसतात.

या टेबलावरून कोणते कागद गेले नाहीत? प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, वाटणीपत्रे, वारसाचे अर्ज, धनादेश न वटल्याच्या नोटिसा, पोटगीचे अर्ज. मजकूर वकील देतात. मी तो टाइप करते. परंतु वर्षानुवर्षे तेच ते टाइप करताना बोटांना कायद्याचा आकार ठाऊक होतो आणि मनाला होत नाही, अशी एक विचित्र अवस्था येते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले, तेव्हा मला ही अवस्था प्रथम स्पष्ट दिसली. पोटगीच्या अर्जावरचे १२५ हे कलम १४४ झाले. लोकांच्या बोलण्यात शिवी होऊन बसलेले ४२० हे कलम ३१८ झाले. आमच्या संगणकातले सगळे जुने नमुने बदलावे लागले आणि पंचवीस-तीस वर्षे वकिली केलेली माणसे जुन्या-नव्या कलमांची कोष्टके खिशात घेऊन फिरू लागली. त्या दिवसांत दुकानात उभ्या उभ्या ज्या चर्चा झाल्या, त्या मी कान देऊन ऐकल्या. काय बदलले आणि क्रमांक बदलूनही काय तसेच राहिले, याविषयी ज्येष्ठ आणि कनिष्ठ वकील एकमेकांना विचारत होते, आणि मला वाटले, शिकायला सुरुवात करायची तर हीच वेळ आहे. आज सगळेच थोडेफार विद्यार्थी आहेत.

परंतु अर्ज भरण्याइतका निर्धार त्या चर्चांमुळे झाला नाही. तो झाला आक्कांमुळे.

आक्का जावळी तालुक्यातल्या एका गावातून आल्या होत्या. साठीच्या पुढचे वय, डोक्यावर पदर, हातात काचेच्या बांगड्या, सोबत दोन धाकटे भाऊ. वडिलांच्या जमिनीवरचा आपला हिस्सा भावांच्या नावे सोडत असल्याचे हक्कसोडपत्र करायचे होते. वकीलसाहेबांनी मजकूर आधीच पाठवला होता. २०२४ पासून शंभर-दोनशेच्या मुद्रांकाचे दिवस संपले आहेत. पाचशेचा मुद्रांक आणला गेला, मी मजकूर छापला आणि कागद पुढे ठेवला. आक्कांनी त्याला हात लावला नाही. त्या मला म्हणाल्या, "बाय, ह्यात काय लिवलंय, ते जरा वाचून दाव." मी वाचून दाखवले. गट क्रमांक, चतुःसीमा, आणि मग ते वाक्य, जे मी असंख्य वेळा टाइप केले आहे : सदर मिळकतीमधील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, कायमचा सोडून देत आहे. आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या आणि त्यांनी विचारले, "उद्या मला ऱ्हायला जागा न्हाई ऱ्हायली, तर ह्ये माघारी येतं का?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी सल्ला देण्याचा अधिकार मला नव्हता. वकीलसाहेब न्यायालयात सुनावणीत होते. भावांपैकी थोरला खाली पाहत होता. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर संकोच स्पष्ट दिसत होता. तोच म्हणाला, "आक्का, सायबास्नी येऊ द्या. त्येंलाच इचारू." दुपारी वकीलसाहेब आले, त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आक्कांशी अर्धा तास बोलले. नोंदणी झालेला असा दस्त नुसते मन बदलले म्हणून परत येत नाही. संमती फसवून किंवा दडपणाखाली घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो, आणि त्यालाही तीन वर्षांची मुदत असते. हे सगळे त्यांनी आक्कांच्याच बोलीत सांगितले. काही दिवसांनी तेच तिघे पुन्हा आले. मजकुरात एक परिच्छेद वाढला होता : माहेरच्या घरातील पडवीलगतच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क आक्कांनी स्वतःकडे राखून ठेवला होता. मी तो परिच्छेद टाइप केला. आक्कांनी या वेळी मजकूर पुन्हा वाचायला लावला, त्या परिच्छेदापाशी मला थांबवले, आणि मग अंगठा उठवला.

त्या परिच्छेदाचा विचार माझ्या मनातून गेला नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे मुलाप्रमाणेच जन्माने वाटेकरी, म्हणून हक्क दिला तो १९९४ साली, देशभर तो आला ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते ऑगस्ट २०२० मध्ये. एवढ्या लांबच्या वाटेने आलेला हक्क आमच्या टेबलावर एका दुपारी सुटतो. तो सुटू नयेच, असे मी म्हणणार नाही. भावाच्या घरी दिवाळीला जाता यावे, माहेरचा उंबरा आपल्यासाठी उघडा राहावा, यासाठी गुंठ्यांवर पाणी सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होते. माझ्या आईनेही तिच्या भावांना असाच हक्क सोडून दिला आणि आजही ती त्याविषयी अभिमानानेच बोलते. माझे म्हणणे इतकेच आहे की सोडणाऱ्या बाईला आपण काय सोडतो आहोत, काय राखून ठेवता येते आणि कुठे मागे फिरता येत नाही, हे सहीच्या आधी कोणीतरी तिच्या भाषेत सांगितले पाहिजे. आक्कांच्या बाबतीत ते घडले, कारण वकील चांगले होते आणि आक्कांनी प्रश्न विचारला. प्रश्न न विचारणाऱ्या बायका त्याहून पुष्कळ जास्त असतात.

ते सांगणारी व्यक्ती मला व्हायचे आहे.

आता हे होण्यासाठी साताराच का, हा प्रश्न उरतो. त्याचे पहिले उत्तर मला माझ्या आजीकडून मिळाले आहे असे मी मानते. आजी खटाव तालुक्यातली. तिच्या लहानपणी, १९४३ ते १९४६ या काळात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारचा, कारभार साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत चालत होता. वाळवा, तासगाव हे तालुकेही तेव्हा साताऱ्यातच होते. प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगाव बसत आणि वर्षानुवर्षे कुजलेले बांधाचे, सावकारीचे, नांदण्या-नांदवण्याचे तंटे तिथे ऐकले जात. आजी सांगत असे, देवळापुढे सतरंजी अंथरली जायची, दोन्ही बाजू समोर बसायच्या, आणि सारे गाव ऐकायचे. "कोन काय बोललं, ते समद्यांस्नी कळायचं," हे वाक्य ती दर वेळी म्हणायची. मोठी झाल्यावर मला त्या न्यायाची दुसरी बाजूही कळली. शिक्षा कठोर असत, तळपायांवर मार बसत असे, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडायला कितपत उसंत मिळत असेल, हे सांगता येत नाही. आरोपीलाही वकील हवा, पुरावा पारखून घेतला पाहिजे, वरच्या न्यायालयात दाद मागता आली पाहिजे, या गोष्टी मला पुस्तकातून आणि वर्गात बसूनच शिकाव्या लागतील. परंतु आजीच्या त्या वाक्यातली ओढ मला खरी वाटते. न्याय ज्यांच्याविषयी आहे, त्यांना तो ऐकू आला पाहिजे.

सातारचे न्यायाशी नाते सांगताना लोक क्षेत्र माहुलीचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, तिथले रामशास्त्री प्रभुणे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. वकिलांच्या प्रत्येक समारंभात त्यांचे स्मरण होते. परंतु मला त्याच्या जोडीने नेहमी आठवते ती राजवाड्याजवळची शाळा, जिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या एका मुलाचे नाव नोंदवले गेले. पुढे ज्यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवले आणि देशाच्या संविधानाचा मसुदा घडवला, त्यांचे इंग्रजी शिक्षण सातारच्या त्या शाळेत सुरू झाले. त्या शाळेवरून मी माझ्या मुलाला घेऊन जाते तेव्हा त्याला हे सांगते. सत्तेच्या शिखरावरील माणसालाही दोषी ठरवता येते, हे या भूमीने एकदा दाखवले. ज्याला वर्गात इतरांपासून दूर बसवले जात होते, तो मुलगा कायद्याचा आधार घेऊन सगळ्यांसाठी समता लिहू शकतो, हे दुसऱ्यांदा दाखवले. दोन्हींपैकी दुसरी गोष्ट मला अधिक जवळची आहे.

आणि मग रयत. माझे वडील रयतच्या शाळेत शिकले, मी पदवी घेतली ती छत्रपती शिवाजी महाविद्यालयातून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले, हे इथल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एका पंगतीत जेवली, एका छपराखाली झोपली. धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ही हकिकत आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की ती ऐकताना मान आपोआप डोलते. पण मी स्वतः संसार करू लागल्यानंतर एकदा ती पुन्हा ऐकली आणि माझा हात नकळत गळ्याशी गेला. दुसऱ्यांच्या मुलांच्या भाकरीसाठी एवढे करणारी बाई जिथे होऊन गेली, त्या संस्थेत शिकण्याला माझ्या लेखी वजन आहे. कमवा आणि शिका ही योजना या संस्थेची. तीत मुलांनी रस्त्यांवर, शेतांत काम करून शिक्षण घेतले. मी दुपारी टेबलावर काम करून शिकणार आहे, तर ते या परंपरेला धरूनच आहे. कर्मवीरांच्या सहकाऱ्यांपैकी असलेल्या इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव या विधी महाविद्यालयाला आहे. जातिधर्मांच्या भिंती पाडून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या विधी महाविद्यालयाने हे नाव धारण करावे, यातही मला आनंद आहे.

पुण्याची ओढ मला नव्हती, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी पुण्याला गेले होते, तेव्हा वेळ काढून लॉ कॉलेज रस्त्यावरचे आयएलएस विधी महाविद्यालय पाहून आले. १९२४ सालची संस्था. म्हणजे साताऱ्यात वसतिगृह उघडले, त्याच वर्षी पुण्यात हे उभे राहिले. मागे टेकडी, पुढे जुनी झाडे, पायऱ्यांवर बसलेली मुले-मुली. दोन मुली अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची तयारी करत होत्या, आणि त्यांतली एक इंग्रजीत इतक्या सहजपणे, इतक्या नेमक्या शब्दांत युक्तिवाद करत होती की मी झाडाखाली उभी राहून ऐकतच राहिले. मला त्या मुलीचा हेवा वाटला. तिच्या वयाची असताना मला हे मिळाले असते तर, असा विचार परतीच्या एसटीत खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत मनात होता. यशवंतराव चव्हाणांनीही पुण्यातूनच एलएल.बी. केली आणि कराडला परत येऊन वकिली सुरू केली. तेव्हा शिकायला बाहेर जाणे म्हणजे गावाकडे पाठ फिरवणे, असे मुळीच नाही. पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी जा म्हणेन, आणि माझ्या भाचीला मी तसे सांगितलेही आहे.

परंतु माझी गोष्ट निराळी आहे, आणि तिचे कारण घर हे नाही. सासूबाईंनी स्वतःहून सांगितले होते, "पुण्याला जायचं तर जा, पोराला मी बघते." वाट मोकळी होती. मी थांबले ते टेबलासाठी. मिळकत हस्तांतरणाचा कायदा मी सकाळी वर्गात शिकेन आणि दुपारी त्याच कायद्याखालचा खराखुरा दस्त माझ्यासमोर येईल, त्याच्यासोबत तो करणारी माणसे येतील, त्यांचे प्रश्न येतील, आणि ते प्रश्न घेऊन मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाईन. दूर राहून तीन वर्षांनी परतणाऱ्याला हे मिळत नाही. वर्गात माझ्याशेजारी बसणारेही बहुतेक याच जिल्ह्यातले असतील : शेतकऱ्यांच्या घरातली, ग्रामपंचायतीचे राजकारण जवळून पाहिलेली, धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांतली मुले-मुली. कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसन अजूनही पूर्ण झालेले नाही. भूसंपादनाचा १८९४ सालचा कायदा जाऊन २०१३ साली नवा कायदा आला, त्यात पुनर्वसनाला काय स्थान मिळाले, याची चर्चा पाटण तालुक्यातल्या मुलासोबत बसून करणे आणि नुसत्या पुस्तकातून करणे यांत अंतर आहे.

याच मुद्द्यावर एका ज्येष्ठ वकीलबाईंनी मला अडवले होते, आणि त्यांचे म्हणणे मी बाजूला सारू शकलेले नाही. त्या म्हणाल्या, "इथंच वाढलीस, इथंच काम करतेस, इथंच शिकणार. मग इथल्या सवयी आणि कायदा यांतला फरक तुला दिसणार कसा? बहिणीनं सही करायची असते, ही इथली सवय आहे. इथं सगळे ती कायद्यासारखी पाळतात. बाहेरून आलेल्याला ती पहिल्या दिवशी खटकते." या बोलण्यावर मी फार विचार केला. त्यात तथ्य आहे. मी स्वतः ते स्वखुशीचे वाक्य वर्षानुवर्षे टाइप केले आणि ते मला खटकायला आक्कांचा प्रश्न यावा लागला. मात्र मला असेही वाटते की सवय खटकणे ही पहिली पायरी झाली. ती सवय कोणत्या भीतीवर, कोणत्या प्रेमावर उभी आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्या बाईला पटेल असे काही सांगता येत नाही. बाहेरून आलेला माणूस आक्कांना म्हणाला असता, हक्क सोडू नका. आक्कांना हक्क सोडायचाच होता; त्यांना फक्त एक खोली हवी होती. तरीही वकीलबाईंचा इशारा मी गाठीशी बांधला आहे, आणि त्यासाठी एक योजनाही केली आहे.

ती योजना कोल्हापूरची आहे. माझ्या थोरल्या चुलत्यांचे जमिनीचे प्रकरण अपिलात मुंबईला गेले होते. तारीख असली की ते रात्रीच्या गाडीने निघत, सोबत भाकरी-चटणी आणि फायलीची पिशवी; अडीचशे किलोमीटरचा प्रवास, सुनावणी इंग्रजीत, आणि परत आल्यावर घरातल्यांनी काय झाले असे विचारले की ते एवढेच सांगत, "वकील बोलले. जज्जसायबांनी ऐकलं." काय बोलले, काय ऐकले, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलन केले होते. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर आता उच्च न्यायालय आले आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या न्यायालयांत १९९८ पासून मराठी ही न्यायालयाची भाषा आहे. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजीच चालते, आणि खालच्या न्यायालयातली मराठी कागदपत्रे भाषांतरित करून जोडावी लागतात. साताऱ्यात शिकलेल्या वकिलाला म्हणूनच दोन्ही भाषांत पाय रोवावे लागतील. माझे इंग्रजी बेताचे आहे. त्या पायऱ्यांवरच्या मुलीसारखे ते कदाचित कधीच होणार नाही, आणि याची मला भीती वाटते. रोज रात्री मुलगा झोपल्यावर मी एका निकालपत्राची काही पाने वाचते. पहिल्यांदा शब्दकोश घेऊन, दुसऱ्यांदा शब्दकोशाविना.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यांतले जितके आठवडे कोल्हापुरात काढता येतील तितके मी काढणार आहे, म्हणजे साताऱ्याचे कागद साताऱ्याबाहेरच्या नजरेला कसे दिसतात, ते मला कळेल. उरलेले इथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळते, तिच्या उत्पन्नाची अट नसते. हे फलकावर लिहिलेले असते. पण पिशवी छातीशी धरून, भेदरलेल्या मनाने आवारात शिरलेली बाई भिंतीवरचे फलक वाचत नाही. तिला माणसाने सांगावे लागते. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक हे काम करतात, आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ते करता येते. पहिल्याच वर्षी मी त्यासाठी नाव देणार आहे.

हजेरी ७० टक्के लागते, तेव्हा टेबलाचे तास वर्गांभोवती बसवावे लागतील. दुकानाच्या मालकीणबाईंशी माझे बोलणे झाले आहे. त्यांनी पगार कापून घ्यायला आणि सुट्ट्या द्यायला संमती दिली, आणि दस्तलेखनाच्या पेपरात मी पहिली आले नाही तर दुकानाचे नाव जाईल, असा दमही भरला. वकिलीची सनद मिळाल्यानंतर मात्र टेबल सोडावेच लागेल, कारण वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्या खुर्चीवर पुढे कोण बसेल याची काळजी मला आतापासून वाटते, म्हणून शेजारच्या गल्लीतल्या, बारावी झालेल्या एका मुलीला मी दुपारी टायपिंग शिकवायला घेतले आहे. तिचा वेग चांगला आहे, चुकाही कमी होतात. छपाईची कळ दाबण्याआधी मी तिला थांबवते आणि दस्त ज्याच्या सहीसाठी आहे, त्याला तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायला लावते.